माशी मारावी की घरटं?

माझ्या रूमपार्टनरच्या मानेवर पीएलच्या एका रात्री एक चपटी माशी बसली. त्याने सण्णकन चापट मारली. माशी मेली नाहीच, उलट खेकड्यासारखी तिरकी पळत त्याच्या केसांत शिरली. सबमिशन राहिलं बाजूला आणि विंगभर चर्चासत्र सुरू झालं. कोणी म्हणालं गोचीड, कोणी म्हणालं ढेकणाला पंख फुटले! निफाडचा एक मित्र मात्र शांतपणे म्हणाला, "अरे, आमच्या बैलांच्या अंगावर अशीच असते, चिरडता चिरडत नाही."

तो अगदी बरोबर होता. बैलावरची, कुत्र्यावरची आणि ही, एकाच खानदानातल्या. या कुळात जगभरात सुमारे दोनशे जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पक्ष्यांचं रक्त पिऊन जगतात. आमची पाहुणी होती पारव्यावरची माशी. (आपण ज्याला सर्रास कबूतर म्हणतो, तो खरं तर पारवा.)

मी मेकॅनिकलचा, पण या माशीचं डिझाइन बघून थक्क झालो. चपटं अंग आणि आकड्यांसारख्या नख्या, म्हणजे पक्ष्याने चोचीने पिसं साफ केली तरी निसटता येतं. अंडी ती घालतच नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, पूर्ण वाढली की बाहेर सोडते. अळीचा लगेच टणक काळा कोष होतो, तो घरट्यातल्या काडीकचऱ्यात पडून राहतो आणि साधारण महिन्याभराने त्यातून नवी माशी निघते. पिसांतल्या उवा तर हिच्या अंगाला लटकून एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जातात, तेही बिनतिकीट!

रोनाल्ड रॉसने १८९८ साली कलकत्त्यात चिमण्यांचा मलेरिया डासामुळे पसरतो हे दाखवलं, ते आपण शाळेत वाचलंय. पण पारव्यालाही मलेरियासारखाच एक रक्ताचा आजार होतो आणि तो ही माशी पसरवते, हे १९०६ साली अल्जीरियात सर्जां बंधूंनी दाखवलं. माणसाला तो आजार होत नाही. माशी चावली तर दुखतं, खाजतं, एवढंच.

आता मुद्द्याचं. दरवर्षी विंग मीटिंगमध्ये तोच ठराव येतो, 'औषध मारा, घरटी फेका.' गेल्या वर्षी आम्ही तेच केलं. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून घरटं पिल्लांसकट खाली ढकललं. खरं सांगतो, झाडू माझ्याच हातात होता. पुढचे चार दिवस माश्या आमच्या गाद्यांवर होत्या. कारण साधं आहे. पक्षी मेला की माशी त्याला सोडते आणि दुसरं गरम अंग शोधते. म्हणजे आम्ही पिल्लंही मारली आणि माश्याही घरात घेतल्या. याला इंजिनीअरिंग म्हणत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पिल्लं उडेपर्यंत थांबा. जेमतेम महिन्याचा प्रश्न असतो. मग रिकामं घरटं पाणी शिंपडून, नाकातोंडाला मास्क लावून पिशवीत भरा. सुकी विष्ठा झाडूने उडवू नका, ती धूळ फुफ्फुसांना खरोखर वाईट. घरट्याबरोबर कोषही जातात. त्याच दिवशी जाळी बसवा. एक दिवस उशीर केलात तर नवं जोडपं हजर.

आणि हो, खिडकीतून मेसचा भात फेकणं आपणच थांबवायला हवं. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला, प्रकरण हायकोर्टात गेलं. आपल्याला कोर्टाची गरज नाही, रेक्टर सर आणि थोडी जाळी पुरे.

आपल्याच जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. आपण तिथे बाइकवर ट्रिपा काढतो, कॅमेरे घेऊन पक्ष्यांचं कौतुक करतो. मग आपल्याच छज्ज्यावरच्या पक्ष्याला तीस दिवसांची मुदत देता येत नाही का? सबमिशनला तर आपण यापेक्षा जास्त मागतो!