‘आमचे कुटुंब’ आणि सात तारीख

‘आम्ही नोकर ठेवत नाही, आम्ही कुटुंब जोडतो.’ आपल्या ख्रिस्ती उद्योजकांच्या तोंडी हे वाक्य आता इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे येथील गाळ्यांत किंवा वाशी-नेरुळच्या लहानशा कचेऱ्यांत आपल्यापैकी अनेकांनी पाच-पंचवीस माणसे हाताशी धरून धंदा उभा केला आहे. दर्शनी भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर असते, सकाळी प्रार्थना होते, नाताळात केक वाटला जातो. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते पुढचे. या ‘कुटुंबा’तल्या माणसाला आपला पगार कोणत्या तारखेला हाती पडेल हे ठाऊक नसते, नेमणुकीचे पत्र त्याने कधी पाहिलेले नसते आणि भविष्यनिर्वाह निधीचा विषय काढणे हा घरच्या माणसावरचा अविश्वास समजला जातो.

कुटुंब हा शब्द इथे घेण्यासाठी वापरला जातो, देण्यासाठी नाही. रविवारी कामावर बोलवायचे असले की कामगार घरचा होतो. नफ्याचा हिशेब मांडताना तो परका होतो. मंदी आली की सर्वांत आधी त्यालाच दार दाखवले जाते. मुलाला असे दार दाखवणारा बाप आपल्या पाहण्यात आहे काय? कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती तत्त्वे आणायची तर पहिली पायरी प्रेमाची नसून न्यायाची आहे. ज्याचे देणे आहे ते वेळेवर चुकते करावे आणि मग प्रेमाची भाषा बोलावी.

हे मत कोणा युनियनच्या पुढाऱ्याचे नव्हे. मजूर गरीब असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, मग तो आपला भाऊबंद असो की परमुलखातला, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. उत्तर प्रदेशातून किंवा ओडिशातून आलेल्या हेल्परला वेगळा न्याय लावणाऱ्यांनी त्यातला परमुलखातल्या माणसाचा उल्लेख जरूर वाचावा. अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो, असे संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावले आहे.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण औदार्याचा दाखला म्हणून ऐकत आलो आहोत आणि तो तसा आहेच. पण त्या मळेवाल्याची रीत नीट पाहा. सकाळी आलेल्यांशी त्याने आधी मजुरी ठरवली आणि संध्याकाळ होताच ती पूर्ण चुकती केली. कोणाचाही एक पैसा कापून त्याने दुसऱ्यावर उपकार केला नाही. त्याचे औदार्य न्यायाच्या जागी आलेले नाही, ते न्यायाच्या वर उभे आहे. आपले काही उद्योजक मात्र दिवाळीला हजार रुपयांचे पाकीट देतात आणि वर्षभराच्या जादा तासांचा हिशेब त्या पाकिटात बुजवून टाकतात!

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसृत केले. गरजेपोटी कामगाराने कमी मजुरीला होकार दिला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या माणसाचा चरितार्थ तिच्यातून चालला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. ‘तो स्वखुशीने आला, मी कुठे जबरदस्ती केली?’ या युक्तिवादाला तेव्हाच उत्तर मिळाले आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्यातही न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे.

या बाबतीत आपल्या दाराशीच एक धडा उभा आहे. वाशीच्या घाऊक बाजारात पोती वाहणारे माथाडी आपण रोज पाहतो. एके काळी मुंबईच्या बाजारपेठांत या माणसांना कायमचा मालक नव्हता, रजा नव्हती, म्हातारपणाची तरतूद नव्हती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्यान्वये मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी पोहोचवते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांची सोय होते. या व्यवस्थेतही दोष शिरले आहेत. खोट्या माथाडींच्या नावाने खंडणी मागितल्याच्या तक्रारी होत असतात. पण तिचे मूळ तत्त्व खणखणीत आहे. व्यापाऱ्याची मर्जी राखली म्हणून हमालाला मजुरी मिळत नाही. ती त्याच्या हक्काची म्हणून मिळते. ज्या बाजारात कोणी कोणाला कुटुंबीय म्हणवत नाही, तिथे हमालाच्या म्हातारपणाची तरतूद होते आणि आपल्या प्रार्थनेने सुरू होणाऱ्या गाळ्यात होत नाही, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे.

हजारांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेने महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, असे १९३६ च्या कायद्याने घालून दिले. कायद्याने भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस माणसांची मर्यादा ठेवली आणि तेव्हापासून कित्येक हजेरीपटांवर एकोणिसावे नाव लिहून झाले की लेखणी थांबते. विसावा माणूस यंत्रावर असतो, कागदावर नसतो. असा हजेरीपट लिहिणाऱ्या हाताने सकाळी क्रुसाची खूण केलेली असली, तर त्या खुणेला काय अर्थ उरतो?

‘आमचीच बिले थकतात, आम्ही पगार कुठून द्यावा?’ असे उत्तर येते. ते खोटे नाही. मोठ्या कंपन्या लहान पुरवठादाराला महिनोन्‌महिने रखडवतात. म्हणूनच २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघू उद्योगांची देणी फार तर ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले. पण स्वतःच्या बिलासाठी या कायद्याचा आधार घेणाऱ्याने आपल्या हेल्परचा पगार अडवावा, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो दास आठवा. धन्याकडून मोठे कर्ज माफ करून घेऊन तो बाहेर पडला आणि किरकोळ देण्यासाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. व्यवसायाचा धोका मालकाने पत्करलेला असतो, कारण नफाही त्याचाच असतो. तो धोका महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. ज्याला दोन महिन्यांच्या पगाराची गंगाजळी राखणे जमत नाही, त्याने आणखी एक यंत्र घेण्यापूर्वी थांबावे.

न्यायाचा पाया घातल्यावर माणसे जोडायची कशी, हेही पवित्र शास्त्रात आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पाहा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषिकांची तक्रार होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले, निवड समुदायावर सोपवली आणि निवडलेल्या सात जणांना अधिकार दिला. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती वाटप गेले! आपल्या गाळ्यात असे होते काय? लेथवर वीस वर्षे काम केलेल्या कारागिराला कोणते हत्यार घ्यावे हे कोणी विचारते काय? खालच्या माणसाला जे जमते ते वरच्याने हिसकावून घेऊ नये, हे तत्त्व पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली समाजव्यवस्थेसाठी मांडले. बारा माणसांच्या कारखान्यालाही ते तितकेच लागू पडते.

कामगारांत हिंदू, मुसलमान, बौद्ध असे सर्वच असतात, हेही विसरू नये. सक्तीची प्रार्थना ही प्रार्थना नव्हे. त्यांना आपला विश्वास पगाराच्या पाकिटातून आणि मालकाच्या जिभेतून कळतो. शिवाय हा आरसा एकट्या उद्योजकापुढे धरून भागणार नाही. धर्मग्रामांनी आणि आपल्या संस्थांनीही आपले शिपाई, सफाई कामगार आणि कंत्राटावरचे पहारेकरी यांचे हजेरीपट उघडून पाहावेत.

१९५५ साली जाहीर झालेला कामकरी संत योसेफाचा सण आपण १ मे रोजी पाळतो. योसेफ हा स्वतः हातावर पोट असलेला सुतार होता. त्याची तसबीर भिंतीवर लावणाऱ्याने तिच्याखाली आणखी एक कागद लावावा: पगाराची तारीख, कामाचे तास, जादा कामाचा दर आणि सुट्टीचे दिवस, सर्वांना वाचता येईल अशा भाषेत आणि खाली मालकाची सही. तो कागद लावण्याची ज्याची तयारी नाही, त्याने कुटुंब हा शब्द आपल्या घरापुरताच ठेवावा.