पर्यावरणाची फळी मराठीत केव्हा भरणार?

यंदा आम्ही मुलांना एक काम दिले. आपल्या गावची नदी आणि झाडे यांविषयी वाचनालयातील पुस्तके पाहून पानभर लिहून आणा. मुले आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयात गेली आणि हात हलवीत परतली. तेव्हा समितीचे आम्ही दोघे-तिघे स्वतः गेलो. सूचीत ‘पर्यावरण’ या मथळ्याखाली होती ती सारी स्पर्धा परीक्षांची हिंदी पुस्तके. मराठीच्या फळीवर पोथ्या आणि पाने सुटलेल्या कादंबऱ्या.

हिंदीशी आमचे वैर नाही. ‘आज भी खरे हैं तालाब’ हे अनुपम मिश्र यांचे १९९३ चे हिंदी पुस्तक. लेखक जन्मले वर्ध्याला. संत्र्याच्या बागांसाठी विहिरी खोल नेणाऱ्या आपल्या गावांनी ते अवश्य वाचावे. परंतु आपले मूल घरी ‘मोह’ म्हणते, पुस्तकात ‘महुआ’ असतो. शेतात टिटवी ओरडते, पुस्तकात ‘टिटहरी’. बांधावरचे ओळखीचे झाड पुस्तकात परके होते. ज्याचे नावच विसरले, ते तोडले गेल्याचे दुःख कोणाला होणार?

पर्यावरण हा विषय शिकविणे सक्तीचे करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, तर आमची मागणी अवाजवी ठरत नाही.

मराठीत पुस्तके नाहीत, ही सबबही टिकत नाही. मारुती चितमपल्ली यांनी मेळघाट, नवेगावच्या जंगलांत नोकरी केली आणि ‘रानवाटा’, ‘पक्षिकोश’ लिहिले. मेळघाट म्हणजे आपलाच सातपुडा. १९५६ साली राज्यांची सीमा पडली ती कागदावर. मोह आणि साग दोन्हीकडे तेच राहिले. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ही हवे. ही पुस्तके नागपुरात मिळतात, आणि नागपूर काही दूर नाही.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्यातील ग्रंथखरेदीत मराठीचा वाटा असावा. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान देशभरच्या वाचनालयांना ग्रंथांसाठी साहाय्य करते; त्यासाठी रीतसर प्रस्ताव गेला पाहिजे.

पण मागितल्यावाचून कोण देणार? वाचनालयात जा, पक्षी, वने, पाणी, शेती या मथळ्यांखालीही शोधा. मराठी पुस्तक नसेल तर त्याचे आणि लेखकाचे नाव लिहून लेखी मागणी द्या. गावागावांतून असे अर्ज गेले, तर ‘मराठीला वाचक नाही’ असे म्हणण्यास जागा उरणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीमुळे जाम नदी वर्तमानपत्रांत येते. उरलेले दिवस तिच्या पाण्याची विचारपूस आपल्या मुलांनी करावी, आणि ती आपल्या भाषेत करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.