दोरी टांगता येते

"कामगाराच्या डोक्यातलं सगळं कागदावर आणा, म्हणजे तो गेला तरी काम अडणार नाही," असा आग्रह व्यवस्थापनाच्या बैठकांत नेहमी धरला जातो. त्यामागची भीती खरी आहे. एकालाच ठाऊक असलेली गोष्ट त्याच्याबरोबर निवृत्त होते आणि मागचे चाचपडत राहतात. माझा विरोध आहे तो 'सगळं' या शब्दाला. जे कागदावर उतरतं ते प्रतिस्पर्ध्यालाही वाचता येतं. आणि ज्याच्या बळावर धंदा टिकतो ते बहुतेकदा कागदावर उतरतच नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटचा मोटार कारखाना पाहा. गैरहजेरी, संप आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम झालेला हा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच, युनियनही तीच. त्यांतले शेकडो जण जपानला गेले आणि तिथल्या कामगारांच्या शेजारी उभं राहून काम शिकून आले. थोड्याच काळात त्याच हातांनी बनवलेल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या.

टोयोटाने दारं बंद केली नव्हती. जनरल मोटर्सचे अधिकारी तिथे रोज वावरत होते. अडचण येताच कामगाराने ओढायची दोरी त्यांनी पाहिली, सुट्या भागांचा साठा किती कमी ठेवतात तेही पाहिलं. मग लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात तोच कित्ता गिरवून पाहिला. तो प्रयत्न फसला, १९९२ मध्ये तो कारखानाही बंद झाला. दोरी टांगता येते. पण ती ओढल्यावर गटप्रमुख "चूक कोणाची?" असं न विचारता "काय अडलं?" म्हणत धावत येईल, हा भरवसा माणसांनी एकमेकांबरोबर काम करतच कमवावा लागतो.

टोयोटातही लिखित कार्यपद्धती असतेच की, असं कोणी म्हणेल. असते, आणि हवीच. पण ती सुधारण्यात काम करणाऱ्यांचाच हात असतो, कारण कुठे अडतंय हे त्यांना आधी जाणवतं. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी अशा जाणिवेला अव्यक्त ज्ञान म्हणतो: ओळखीचा चेहरा गर्दीतही ओळखू येतो, पण कशावरून ते सांगता येत नाही.

आपल्याकडच्या फौंड्रीत साच्याच्या वाळूचा ओलावा यंत्रावर मोजतात. तरीही मुरलेला मोल्डर ती मुठीत दाबतो, मोडून बघतो आणि आकडा बरोबर असतानाही कधी "थांबा" म्हणतो. अशा माणसाला स्वेच्छानिवृत्ती द्यायची, त्याच्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर पोरगा आणायचा आणि त्याच्या हाती छापील सूचना ठेवायच्या, याला मी बचत मानत नाही. त्या पोराला वर्ष-दोन वर्षं या मोल्डरच्या शेजारी उभं करा. तेवढे दिवस एका जागेसाठी दोन पगार पडतील. ते द्या.