लेकरांच्या भीतीचा केसपेपर

भद्रावती तालुक्यातल्या मोहर्लीला देशभरातून माणसं वाघ बघायला येतात. तिथल्या जंगलाच्या कडेला वाढणाऱ्या लेकरांना वाघ निराळ्या रीतीने ठाऊक आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेलं घरचं माणूस परतत नाही. पंचनामा होतो, २५ लाखांची भरपाई मंजूर होते. ती मिळायलाच हवी. पण बाप गेलेल्या घरातलं आठ वर्षांचं पोर अंथरूण ओलं करू लागतं, दिवेलागणीनंतर आईचा पदर सोडत नाही, शाळेच्या वाटेवरून ‘पोट दुखते’ म्हणत माघारी फिरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला नेतात तेही पोटासाठीच. केसपेपर निघतो, जंताची गोळी मिळते. भीतीची नोंद त्या कागदावर कुठेच होत नाही.

वाघ हे एकच कारण नव्हे. याच चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. बाप पिऊन आल्यावर घरात काय होतं, हे दोन्ही काळांत मुलांनीच पाहिलं. तिकडे गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडचं माडिया बोलणारं सहा वर्षांचं मूल आश्रमशाळेत येतं, तेव्हा आई आणि बोली एकाच दिवशी सुटते. ते गप्प बसलं की ‘शांत आहे’ असा शेरा मिळतो.

देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. गडचिरोली जिल्हा झाला तोही त्याच वर्षी. पण भामरागडहून नागपूरचं मनोरुग्णालय साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथवर लेकरू घेऊन जायचं म्हणजे मजुरी बुडते, आणि गावात ‘पोरगं येडं झालं’ ही बोंब होते ती वेगळीच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभरातल्या सुमारे सात मुलांना मानसिक आजार आढळला. एवढ्या मुलांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ नजीकच्या काळात आपल्या तालुक्यांत येणार नाहीत, हे धरूनच चालावं लागेल.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: मुलाचं वजन करणाऱ्या हातांनीच त्याच्या मनाचीही विचारपूस करावी. हे होऊ शकतं, याचा दाखला याच मातीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि त्यावर इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी हे देशभरच्या आशाताईंचं काम झालं. जी बाई इंजेक्शन देऊ शकते, ती ‘लेकरू झोपते का, जेवते का, खेळायला जाते का’ एवढं विचारू शकत नाही?

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतच स्थानिक समुपदेशक बसवून उदास, चिंताग्रस्त रुग्णांवर उपचार केले. सरकारी केंद्रांतले रुग्ण त्या उपचारांनी अधिक संख्येने बरे झाले, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ते रुग्ण प्रौढ होते. मुलांसाठी पद्धत निराळी लागेल, शाळेला सोबत घ्यावं लागेल. पण मार्ग तोच.

सरकारची चौकटही तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. विकासातला विलंब, अध्ययन अक्षमता त्यांच्या यादीत आहे. मात्र धावत्या तपासणीत दात, डोळे दिसतात. धास्तावलेलं मूल परक्या डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही. ते उघडतं गावातल्या ओळखीच्या बाईपुढे, आणि माडियातून विचारलं तर आणखी लवकर. तिला प्रशिक्षण द्या, त्या कामाचा वेगळा मोबदला द्या (आहे त्याच मानधनात आणखी एक रजिस्टर नको), आणि अडल्यावर जिल्ह्याच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलता येईल अशी सोय करा. गावातल्या पुजाऱ्यालाही हिणवू नका. लोक आधी त्याच्याकडे जातात. ‘दवाखान्यातही दाखवा’ हे त्याने सांगितलं तर ते ऐकलं जातं.

भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरेल, झाडीपट्टीची नाटकं उभी राहतील, घरोघर पाहुणे येतील. त्या गर्दीत कोपऱ्यात बसलेलं एखादं लेकरू दिसलं तर त्याच्याजवळ बसा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: आमच्या आरोग्य केंद्रात मुलांच्या मनासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून द्या.