गोड आहे, पण रस नाही

मैत्रिणींनो, आपल्या देऊळगाव राजासारख्या गावात 'वाईन' हा शब्द अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. पण दबक्या आवाजात का होईना, तो घरात आलाय. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं नाशिकची वाईनरी बघून येतात, फोटो दाखवतात. शहरातल्या नातेवाइकांकडे किंवा एखाद्या रिसेप्शनला जेवणानंतर इवल्याशा ग्लासात सोनेरी काहीतरी समोर येतं. सोबत आग्रह असतो, "घ्या हो मावशी, गोड आहे. द्राक्षाचा रसच तर आहे!"

माझा आक्षेप आहे तो या वाक्याला.

ही गोड वाईन बनते कशी, ते आधी पाहू. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर संपली की वाईन कोरडी, तुरट लागते. गोड वाईनसाठी द्राक्षं वेलीवरच जास्त दिवस ठेवतात. ती सुकत जातात, साखर दाट होते. मग यीस्टला ती सगळी संपवता येत नाही आणि उरलेली साखर आपल्या जिभेला लागते. नाशिकच्या सुला कंपनीची 'लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ' ही अशीच, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. फ्रान्समधली प्रसिद्ध 'सोतर्न' तर बुरशी धरलेल्या द्राक्षांपासून करतात. पोर्तुगालच्या पोर्टची तऱ्हा आणखी वेगळी. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची ब्रँडी ओततात. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं.

म्हणजे गोडी आहे म्हणून नशा कमी, हा हिशोब चुकीचा. उलट गोडीमुळे अल्कोहोलचा झणका जिभेला कळतच नाही.

आपण बायका स्वयंपाकघरात मापं घेतो, तसं इथंही घेऊ. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १३ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ६० मिली पोर्टमध्ये १२ मिली. आणि बारा टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास घेतला, तर १८ मिली! व्हिस्कीच्या पेगला जी बाई हात लावणार नाही, तीच 'रस' समजून त्याहून जास्त पिऊन बसते.

आता खाण्याच्या जोडीबद्दल. हल्ली मासिकांत दिवाळीच्या फराळासोबत वाईन सुचवतात, पुरणपोळीसोबतही. या विषयातला जुना नियम असा, की वाईन पदार्थापेक्षा जास्त गोड हवी, निदान तेवढी तरी. नाहीतर ती आंबट लागते. हे समजायला वाईन प्यावी लागत नाही. पेढा खाऊन चहाचा घोट घ्या, साखर घातलेला चहा फिका लागतो की नाही? आपले पदार्थ पाकातले. गुलाबजाम, जिलबी, पुरण यांच्यापुढे कुठलीही वाईन टिकणं अवघडच. बासुंदी, श्रीखंडाची साय जिभेवर बसते आणि वाईनची चव झाकून टाकते.

मुळात ज्या देशांत या वाईन्स बनतात, तिथं त्यांची जोडी जमली ती वेगळ्याच पदार्थांशी. सोतर्नसोबत खारट, निळ्या बुरशीचं चीज. पोर्टसोबत कडसर चॉकलेट, अक्रोड. त्यामागचं तत्त्व आपल्यालाही परकं नाही. पन्ह्यात आपण मीठ घालतो, ठेचा झोंबला की गुळाचा खडा तोंडात टाकतो. खाऱ्याला नि तिखटाला गोड हवं असतं, एवढंच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला बेबिंकासोबत पोर्ट ठेवतात, ती त्यांची रीत आहे. प्रत्येक ताटाची आपापली रीत असते. आपल्या पुरणपोळीला तूप, दूध आणि कटाची आमटी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या पुरल्या आहेत. तिला आणखी जोडी शोधायची गरज कोणाला पडली? विकणाऱ्यालाच ना!

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण शहरात भाचीच्या रिसेप्शनला गेली होती. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. "फ्रूटचं आहे, काही होत नाही" म्हणून दोन ग्लास दिले. तिला गरगरायला लागलं, घाम फुटला. बरोबरच्यांना वाटलं, उन्हाचं असेल. काय प्यायलं ते सांगायची तिची हिंमत होईना आणि ज्यांनी दिलं त्यांना त्यात काही विशेष वाटेना. गोड वाईनमध्ये साखर असतेच. सोतर्नसारख्या वाईनमध्ये तर लिटरला शंभर ग्रॅमच्या वर. शिवाय मधुमेहाची काही औषधं चालू असताना अल्कोहोल घेतलं तर रक्तातली साखर एकदम उतरूही शकते. हे तिला त्या टेबलावर कोणी सांगायला हवं होतं?

काही जणी विचारतात, "मग आपण द्राक्षासव घेतोच की!" घेतो. पण चमच्याने मोजून, पाणी घालून, औषध म्हणून. बाटलीवर अल्कोहोल असल्याचं लिहिलेलं असतं. ग्लास भरून, मैफलीत कोणी द्राक्षासव पीत नाही.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं मोठ्या मंडळींनी ठासून सांगितलं. शेतकऱ्याच्या भल्याचंही नाव घेतलं गेलं. नाशिकच्या द्राक्षशेतकऱ्याचं भलं व्हावंच. पण खायची द्राक्षं वेगळी आणि वाईनची बहुतेक वेगळी. अवकाळीने झोडपलेला सगळा बाग वाईनरी काही उचलत नाही. आणि इथं कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या घरांना त्यातून काय मिळणार? बाटली मात्र मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. त्यात वाईनला सूट नाही.

व्यसनाने मोडलेली घरं मी कामाच्या निमित्ताने पाहते. देशी पिणारा तो 'दारुडा' आणि उंच ग्लासातून पिणारा 'हौशी', हा भेद मला पटत नाही. पण तितकंच दुसऱ्या बाजूनेही सांगते. शहरातली एखादी सून, भाची कधी वाईन घेत असेल, तर तिच्या चारित्र्याचा पंचनामा आपण करू नये. ती सज्ञान आहे. मात्र तिनेही 'रस' म्हणून सासूच्या हातात ग्लास देऊ नये आणि 'नको' म्हणणाऱ्या बाईला गावंढळ ठरवू नये.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी असा ग्लास समोर आला, तर लाजू नका. बाटली मागून घ्या. अल्कोहोल किती टक्के ते त्यावर छापलेलं असतं, मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशाराही असतो. साखर किती, ते विचारा. पोटात बाळ असेल, औषधं चालू असतील, कोणाला गाडी चालवून परतायचं असेल, तर सरळ नाही म्हणा. आणि यजमानीण तुम्ही असाल, तर पाहुणीला काय वाढताय ते नाव घेऊन सांगा. आपण भाजीत लसूण घातला तरी उपवासवालीला आधी सांगतो. मग ही तर दारू आहे.