शिकवायला गेली की वॉर्ड सुटतो

‘नाइटला कंटाळली, म्हणून ट्यूटर झाली.’ नर्सिंग कॉलेजात शिकवायला गेलेल्या सिस्टरबद्दल तिच्याच जुन्या वॉर्डात असे बोलले जाते. बोलणे बोचरे आहे, पण पुरते खोटे नाही. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यासारख्या गावातून नोकरीला जाणाऱ्या बाईला नीरा नदीपलीकडचे अकलूज, तालुक्याचे इंदापूर, नाहीतर लांबची बारामती गाठावी लागते. रात्रपाळी उरकून सकाळच्या एसटीने घरी यायचे, लेकरांचे डबे करायचे, सासूची औषधे बघायची आणि दुपारी डोळा लागला तर लागला. चाळिशीच्या आत कंबर बोलू लागते. अशा बाईला दिवसाउजेडी जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशी नोकरी हवीशी वाटली, तर त्यात लाजायचे काय? डॉक्टर प्राध्यापक झाला की त्याचा मान वाढतो. सिस्टर शिक्षिका झाली की मात्र ती सुटली म्हणतात.

पण शिकवण्याची ओढ एवढ्यानेच लागत नाही. पहिले इंजेक्शन देताना हात कापत होता, तेव्हा मागे उभी राहून धीर देणारी इन्चार्ज कुणाला आठवते. पेशंटसमोर झालेला अपमान कुणाला आठवतो. ‘मला कुणी नीट सांगितले नाही, पुढच्या पोरींना मी सांगीन’ ही जिद्दही शिक्षिका घडवते. या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली तीही शिक्षणामुळेच. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी बायकांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणाला धाडले. परक्याचे मलमूत्र काढणे हलके मानणाऱ्या समाजात ते काम विद्येचे ठरवणे सोपे नव्हते.

म्हणून सिस्टर का शिकवते, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. शिकवायला गेली की तिचा वॉर्ड का सुटतो, हे विचारायला हवे. वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक सकाळी राउंड घेतो, ओपीडी पाहतो आणि वर्गातही शिकवतो. बारामतीत २०१९ साली सुरू झालेल्या सरकारी महाविद्यालयातही हीच रीत. नर्सिंगमध्ये मात्र परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, एका वाटेने जाते आणि पाठ्यनिर्देशिका, म्हणजे ट्यूटर, दुसऱ्या. ट्यूटर विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात जाते, पण तिथला एकही पेशंट तिच्या जबाबदारीचा नसतो. पाच-दहा वर्षांत यंत्रे बदलतात, औषधे बदलतात, तिच्या हातची सवय मोडते. मग वॉर्डातली सिस्टर विद्यार्थिनीला विचारते, ‘कॉलेजात शिकवतात तरी काय?’ आणि कॉलेजातली बाई म्हणते, ‘वॉर्डात जे बघाल ते पेपरात लिहू नका.’ पोरगी मध्ये अडकते.

यावर उपाय नाही असे नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या परिचारिका वॉर्डाचीही जबाबदारी सांभाळतात. ही पद्धत तिथे जुनी आहे. आपल्याकडे इमारतींचीच घाई. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजे जाहीर झाली. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले, तर साठ जागांच्या चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला चोवीस शिक्षक लागतात. हे सगळे वॉर्डातूनच उचलणार असाल, तर वॉर्डात उरणार कोण?

शिक्षिकेला आठवड्यातले दोन दिवस वॉर्डातल्या ठरावीक खाटांची जबाबदारी द्या, नुसती हजेरी नको. अनुभवी परिसेविकेला वर्गातले तास द्या आणि त्या तासांचे पैसेही द्या. बढतीच्या दोन्ही वाटा एकमेकींना जोडा. परिचर्येत हाताला जे कळते ते वहीत पुरते उतरत नाही. ते शिकवणारीचा हात पेशंटच्या नाडीवरच असायला हवा.