मूल होत नाही? नवऱ्याच्या तपासणीत दिसू शकतो लपलेला जंतुसंसर्ग

लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की सासू सुनेला घेऊन दवाखान्यात जाते. गोंदियात असेल तर बाई गंगाबाई महिला रुग्णालयात, नाहीतर एखाद्या खासगी डॉक्टरीणबाईंकडे. सोनोग्राफी, रक्त, थायरॉईड, सगळं बाईचं तपासलं जातं. नवरा बाहेर बाकड्यावर बसलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही आणि तोही विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. यातल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. आणि पुरुषांमधल्या वंध्यत्वापैकी साधारण १५ टक्के प्रकरणांत जंतुसंसर्गाचा हात असावा, असा अंदाज तज्ज्ञ मांडतात. जनुकीय दोषाला इलाज नसतो, पण संसर्गाला बऱ्याचदा असतो. म्हणून तो वेळेत शोधणं महत्त्वाचं.

जंतू शुक्राणूंचं काय करतात?

लघवीच्या संसर्गात सापडणारा ई-कोलाय हा जीवाणू शुक्राणूंना चिकटतो, त्यांच्या गुठळ्या करतो, त्यांची हालचाल मंदावते. पण खरं नुकसान अनेकदा आपल्याच शरीराच्या लढाईत होतं. जंतू मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी तीव्र रासायनिक घटक सोडतात. शुक्राणूचं आवरण नाजूक असल्याने त्यात तेही भाजून निघतं आणि आतला डीएनए तुटू शकतो. अशा वेळी संख्या ठीक दिसूनही गर्भ राहत नाही.

तिसरा प्रकार वाट बंद होण्याचा. परमा, क्लॅमिडिया किंवा जननमार्गाचा क्षयरोग शुक्राणूंच्या बारीक नळ्यांमध्ये सूज आणतो, ती बरी होताना व्रण राहतो आणि नळी बुजते. अंडकोषात शुक्राणू तयार होत असतात, पण बाहेर येत नाहीत.

गोंदियात काय वेगळं?

पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. हत्तीरोग जंतूने नव्हे, डासातून येणाऱ्या कृमीने होतो. आपल्या डोळ्यासमोर सुजलेला पाय येतो, पण पुरुषांत हा कृमी अंडकोषाच्या वरच्या लसिकावाहिन्यांत घर करतो. त्यातून अंडवृद्धी होते, म्हणजे अंडकोषाभोवती पाणी साचतं. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा थोडं कमी तापमान लागतं. साचलेल्या पाण्यामुळे उष्णता आणि दाब वाढून त्यात अडथळा येऊ शकतो. धोतराआड, लुंगीआड हा आजार वर्षानुवर्षं लपवला जातो. शस्त्रक्रिया साधी असते, लाज मोठी असते.

देशातून हत्तीरोग २०२७ पर्यंत हटवायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी घरोघरी गोळ्या दिल्या जातात आणि त्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून गोळी खिशात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की रक्तात कृमीची पिल्लं असूनही अनेक वर्षं काहीच जाणवत नाही.

दुसरा मुद्दा तापाचा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात मलेरिया नवा नाही. कुठल्याही जोराच्या तापाने शुक्राणूंची संख्या काही आठवडे घसरू शकते. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. त्यामुळे तापातून उठल्यावर लगेच केलेला रिपोर्ट दिशाभूल करतो.

आणि गालगुंड. वयात आल्यानंतर झालं तर १५ ते ३० टक्के पुरुषांत अंडकोषही सुजतो. पूर्ण वंध्यत्व क्वचित येतं, पण अंडकोष आक्रसण्याचा धोका असतो. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नाही. मुलाला एमएमआर हवी असेल तर खासगीत द्यावी लागते. करोनाकाळात ‘लसीने नपुंसकत्व येतं’ ही अफवा इतकी पसरली, की जानेवारी २०२१ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांना ती जाहीरपणे खोडावी लागली. गालगुंडाबद्दल मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

दोघांचाही इलाज

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. लैंगिक संसर्ग एकाच शरीरात राहत नाही. क्लॅमिडिया तर अनेक पुरुषांत काही लक्षणच दाखवत नाही. म्हणून एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याकडून आजार परत येतो. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांचे उपचार मोफत आणि गोपनीय असतात, जोडीदारालाही औषध मिळतं. ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींपेक्षा ही वाट बरी.

रिपोर्ट कसा वाचायचा?

वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला हवा. केशोरी किंवा देवरीकडच्या माणसाला घरून नमुना घेऊन गोंदिया शहर गाठणं अवघड, त्यामुळे तो लॅबमध्येच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा. त्याखाली असलं म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. पांढऱ्या पेशी दहा लाखांहून जास्त असतील तर संसर्ग शोधावा.

पण एक सावधानता. वीर्याच्या कल्चरमध्ये त्वचेवरचे जंतूही येतात. रिपोर्टवर जीवाणूचं नाव दिसलं म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन खाऊ नका. योग्य औषधाने सूज उतरते, हालचाल सुधारू शकते, पण बुजलेली नळी गोळ्यांनी उघडत नाही. तिथे शस्त्रक्रिया किंवा अंडकोषातून थेट शुक्राणू काढून आयव्हीएफ हा पर्याय उरतो, आणि तो खर्चिक आहे. उपचार झाल्यावर पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी करावी. तोवर सुनेच्या नव्या तपासण्या थांबवायला हरकत नाही का, हे डॉक्टरांना नवऱ्यानेच विचारावं.